घळीतली हाडं

सातुर्निना आयाविरीला आमच्या तोलापाम्पात सगळे सातुका मावशी म्हणतात. मी तिच्याहून चारच वर्षांनी लहान, तरी मीही मावशीच म्हणतो. तिला मावशी न म्हणणारी माणसं गावात दोनच, तिचा नवरा अन्सेल्मो आणि मुलगा रुफिनो.

मावशीचा धंदा हाडांचा. मागावर बसलेल्या बाईला आडवा धागा ठोकून घट्ट बसवायला लामाच्या, म्हणजे आमच्या ओझं वाहणाऱ्या लोकरीच्या जनावराच्या, नडगीची टोचणी लागते, ती मावशी करते. जून-जुलैचा हिवाळा सरून ऑगस्टात वारा सुटला की पाठीवर रंगीत फडकं बांधून ती माळावर निघते आणि वाळलेलं गवत, झुडपं, दगडांच्या फटी धुंडाळत हाडं वेचते. सगळीच उचलत नाही. फार ऊन खाल्लेलं हाड तासताना तडकतं, ताज्या हाडाचा वास जात नाही. दोन हिवाळे काढलेलं हाड तिला हवं असतं. ते ती आधी दातावर वाजवून बघते. तिच्याबरोबर माळावर जाणं म्हणजे शिक्षाच. आपण चालत असतो, ती मागेच वाकलेली असते आणि आपल्याला सांगत असते, "ही कोल्ह्याची बरगडी. हा सशाचा खुबा. हे बघ, माळावरच्या बुटक्या शहामृगाच्या पायाचं हाड, आतून पोकळ, म्हणून एवढं हलकं."

हे तिला बापाकडून मिळालं. लिनो आयाविरी जत्रांमधून लामा कापायचा. पाच वर्षांची सातुका रक्ताचं पातेलं धरून शेजारी बसायची. प्रत्येक सांध्याशी बाप हात थांबवायचा आणि विचारायचा, "सांग, सुरी इथून कुठं जाते?" उत्तर बरोबर आलं की नळीतला मगज तिचा. चुकलं की शेजारच्या पोराचा. "शेजारचं पोर पहिल्या वर्षी चांगलं गुटगुटीत झालं," असं ती सांगते. "मग वाळत गेलं."

तिची ही पारख पहिल्यांदा मला भोवली. एका वर्षी गावाचे एकोणीस लामा गेले. पुमाच असणार, असं आम्ही पुरुषांनी ठरवलं आणि तीन दिवस डोंगरात वणवण केली. चौथ्या दिवशी मावशी माझ्या अंगणात आली आणि तिनं पोतं उलटं केलं.

"लिआंद्रो, हे बघ. नळ्यांची टोकं कशी कुरतडलीत. पुमा असा चघळत बसत नाही. तो काळीज, फुप्फुस खातो, वर गवत ढकलतो आणि जातो. ही कुत्री आहेत."

"कुणाची कुत्री?"

"पोतं कुणाच्या अंगणात ओतलं त्यावरून ओळख की."

माझे दोन्ही कुत्रे तेव्हा भिंतीशी पोट वर करून पडले होते. अंगानं चांगलेच सुटले होते. पुढं काय झालं ते सांगत नाही. पण तेव्हापासून गावात हाडाचा प्रश्न आला की मावशीला बोलावणं जातं.

आता घळीची गोष्ट.

आमच्याकडे गावप्रमुखाची काठी दर वर्षी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. त्या वर्षी ती माझ्याकडे होती. विकुन्यांच्या कातरणीला दोन महिने उरले होते. विकुन्या म्हणजे लामाच्याच कुळातलं, बारीक चणीचं रानटी जनावर, कुणाच्या मालकीचं नाही. सगळं गाव हातात हात धरून त्यांना घेरतं, लोकर कातरतं आणि पुन्हा माळावर सोडून देतं. ही परवानगी शहरातल्या कचेरीतून मिळते. कुणी विकुन्या मारला तर माणूस तुरुंगात आणि गावाची परवानगी बंद. म्हणून गावानं रखवालदार नेमला होता. तो होता रुफिनो, मावशीचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा, हिरवं जॅकेट, गळ्यात दुर्बीण. दुर्बीण जेवतानाही गळ्यात.

एके सकाळी तो धापा टाकत माझ्याकडे आला. "लिआंद्रोकाका, सापडला! हिलारिओन! त्याच्या कोंडवाड्यामागच्या घळीत हाडांचा खच पडलाय. सात जनावरं, कमी नाहीत. सगळे विकुन्या. नडग्यांवर सुरीच्या खुणा आहेत, मी डोळ्यांनी बघितल्यात."

हिलारिओन पलीकडच्या खोऱ्यातला. आमच्या गावची पोरगी करून इथं राहायला आलेला. लोकरीसाठी अल्पाका पाळायचा, म्हणजे लामाचाच धाकटा भाऊ. सहा वर्षं झाली होती तरी लोक त्याला 'पलीकडचा' म्हणत. शिवाय त्यानं त्याच वर्षी मोटारसायकल घेतली होती. तेवढं लोकांना पुरलं. दुपारपर्यंत तो चोर आहे हे गावातल्या प्रत्येक घरात ठरून गेलं होतं. मला तो म्हणाला, "भाऊ, ती माझी अल्पाकाची पिल्लं आहेत. जुलैच्या बर्फात मेली. सोलली आणि घळीत टाकली." हेच तो सगळ्यांना सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं.

रुफिनोनं माझ्याकडे यायच्या आधीच कचेरीला रेडिओवरून कळवलं होतं. परवा त्यांची माणसं येणार होती.

मी मावशीकडे गेलो. ती ओट्यावर टोचणी घासत होती. अन्सेल्मो शेजारी लोकरीची टोपी विणत होता. तो फार बोलत नाही, सुया बोलतात.

"मावशी, परवा शाळेसमोर तुला यावं लागेल. हाडं बघायची आहेत."

"माहिती आहे. रुफिनोनं सांगितलं."

"मग?"

"मग काय? बघू की." तिनं टोचणीवर फुंकर मारली. "घळ मी बघितलेली नाही. मला आत्ताच काही विचारू नकोस."

रुफिनो घरातून बाहेर आला. "आईला कशाला मध्ये घेता, काका? मी रखवालदार आहे. मी सांगितलंय ना."

"तुझं सांगून झालंय," मावशी म्हणाली. "आता हाडांचं ऐकू."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे. तू बघितलंस यावरही आहे. काय बघितलंस ते मला बघायचंय."

तो दुर्बीण सावरत निघून गेला. अन्सेल्मोच्या सुया क्षणभर थांबल्या आणि परत चालू झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी, मावशी, हिलारिओन आणि दोन म्हातारे साक्षीदार घळीत उतरलो. रुफिनोही होताच, वर काठावर हात बांधून उभा. मावशीनं कुणालाच कशाला हात लावू दिला नाही. आधी ती नुसतीच बसली. पाणी कुठून येतं, हाडं कुठं अडकतात, हे बघत बसली असावी. मग तिनं चादर पसरली आणि एकेक हाड उचलून त्यावर मांडू लागली. नडग्या एकीकडे, जबडे एकीकडे, बरगड्यांचा वेगळा ढीग. मध्येच एखादं हाड गालाला लावून बघे. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. हिलारिओन मात्र कोकाची पानं चघळायची विसरून हातात धरून बसला होता.

"मावशी, काहीतरी सांग," तो शेवटी म्हणाला.

"उद्या सांगेन. सगळ्यांसमोर. आज तुला सांगितलं तर उद्या लोक म्हणतील, तू मला कोंबडी दिलीस."

तिसऱ्या दिवशी कचेरीची जीप आली. तिच्यातून एक जाडा साहेब आणि जनावरांची एक तरुण डॉक्टरीण उतरली. तिचं नाव नोएमी आर्से. थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं. शाळेसमोरच्या पटांगणात सगळं गाव जमलं, बायका जमिनीवर, पुरुष भिंतीला टेकून. मध्ये मावशीची चादर. साहेबानं वही उघडली आणि रुफिनोला पुढं बोलावलं. तो छान बोलला. कधी गेला, काय दिसलं, सुरीच्या खुणा कुठं. म्हणाला, "ही हाडं बारीक आहेत, हलकी आहेत. लामाची असती तर दुप्पट जाड असती. विकुन्याच आहेत." लोकांनी माना हलवल्या.

मग मी मावशीला पुढं बोलावलं.

"या कोण?" साहेबानं विचारलं.

"टोचण्या करते मी," मावशी म्हणाली. "हाडाच्या."

साहेबाच्या तोंडावर जे आलं ते सगळ्यांना दिसलं. डॉक्टरीण मात्र चादरीजवळ उकिडवी बसली.

"रुफिनो खरं सांगतो," मावशीनं सुरुवात केली. "जनावरं सातच. डाव्या बाजूचे जबडे मोजले. सात आहेत. लामा नाही, हेही बरोबर. सुरीच्या खुणा आहेत, हेही बरोबर."

मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! रुफिनोच्या आईनंच शिक्का मारला!"

"गप्प बस, एलाडिओ. मी अजून बोलतेय." तिनं एक नडगी उचलली, तिचं टोक चिमटीत धरलं आणि खेचलं. ते टोपणासारखं निघून आलं. "हे बघा. मोठ्या जनावराची टोकं जुळून एक झालेली असतात, हातोडी घेतली तरी निघायची नाहीत. हे पिल्लू आहे. पाच-सहा महिन्यांचं. अशी सहा आहेत. रुफिनोला बारीक आणि हलकी वाटली, कारण ती पिल्लांची आहेत. अल्पाकाचं पिल्लू आणि मोठा विकुन्या लांबून बघितलं तर नडगी सारखीच दिसते. मीही लहानपणी फसले होते. बापानं मगज दिला नव्हता."

लोक हसले. रुफिनो हसला नाही.

"पिल्लं विकुन्याची नसतील कशावरून?" साहेबानं विचारलं. प्रश्न रास्त होता.

"दात बघा." तिनं एक छोटा जबडा डॉक्टरिणीच्या तळहातावर ठेवला. "हे दुधाचे दात. खाली मान बारीक होते आणि मूळ संपतं. विकुन्याचा पुढचा दात सशासारखा, आयुष्यभर वाढत राहतो. मूळ बंद होत नाही, चकाकतं कवच फक्त पुढच्या बाजूला. आणि साहेब, दात राहू दे बाजूला. सहा महिन्यांच्या पिल्लाला मारून कुणाला किती लोकर मिळणार? चोराला एवढी तरी अक्कल असते."

"सहा झाली," डॉक्टरीण म्हणाली. "सातवं?"

मावशीनं कडेला उभ्या मुलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"सातवा विकुन्या आहे."

पटांगणात एकच गलका झाला. हिलारिओनची बायको रडायला लागली. रुफिनोची मान वर झाली. मी काठी जमिनीवर आपटली, तीनदा आपटावी लागली.

"विकुन्या आहे," मावशी तेवढ्याच आवाजात म्हणाली. "म्हातारा नर. आता मला सांगा, लोकरीसाठी जनावर मारलं तर आधी काय करतात? कातडी सोलतात. सोलताना सुरी कुठं फिरते? खुराच्या वर, नडगीभोवती, गोल. कितीही हलका हात असू दे, हाडावर रेघ उठतेच. पिल्लांच्या नडग्यांवर ती आहे. सहाच्या सहांवर. या म्हाताऱ्याच्या चारही पायांवर शोधून द्या. मी काल दिवसभर शोधली. नाही सापडली."

डॉक्टरिणीनं खिशातून भिंग काढलं. चार हाडं तिनं उन्हाकडे धरून फिरवून फिरवून बघितली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

"नाहीत," ती म्हणाली. "सुरी लागलेली नाही. कोल्ह्याचे दात लागलेत."

"आणि हा मागचा पाय." मावशीनं एक हाड वर धरलं. मध्यावर त्याला मुठीएवढी गाठ होती. "मोडून जुळलेला. वाकडाच जुळलाय. कुणाला आठवतं का काही?"

मला आठवलं. सगळ्यांनाच आठवलं असेल, पण आधी बोलली ती म्हातारी फोर्तुनाता. "लंगड्या! मिठाच्या डबक्यावर यायचा तो! बर्फानंतर मी त्याला बघितलाच नाही गं!"

"तोच. बर्फानं मेला, कोल्ह्यानं ओढला, पाण्यानं घळीत आणला. हिलारिओनच्या पिल्लांशेजारी येऊन पडला, एवढाच त्याचा गुन्हा."

साहेबानं वहीत काहीतरी खोडलं. "हा माणूस पिल्लं सोलली म्हणतो. कातडी कुठं आहेत?"

"माझ्या सासूकडे," हिलारिओन म्हणाला. "बायकोनं पांघरूण शिवलंय. बाळासाठी. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, कुणी बघायलाच गेलं नाही."

सासूचं घर तासाभराच्या वाटेवर. मोटारसायकलवरून दोघं गेले आणि पांघरूण घेऊन आले. चार पांढरी कातडी, एक काळं, एक बदामी, कडेला लाल फीत. एक कोपरा बाळानं ओला केलेला. बायकांनी ते हातोहात फिरवलं, शिलाई बघितली आणि एकीनं तिथंच म्हटलं, "टाके जरा लांब पडलेत." तेव्हा मला कळलं, प्रकरण मिटलं.

साहेबानं शेवटी एक जबडा उचलला. त्याचे पुढचे दात गळून गेले होते. "हा कुठल्या पिल्लाचा?"

"तो या सातांतला नाही. उजव्या बाजूचा आहे, जुना आहे, वरून वाहून आला असेल. दात नाहीत. मी सांगू शकत नाही."

"अंदाज?"

"अंदाजावर मी टोचणीसुद्धा करत नाही, साहेब."

जीप जाताना डॉक्टरीण खिडकीतून डोकं काढून मावशीशी बोलत राहिली, गाडी हलली तरी.

गावानं त्या संध्याकाळी हिलारिओनच्या घरी जाऊन माफी मागितली. मी काठी घेऊन आधी गेलो. त्यानं सगळ्यांना सुक्या मांसाचं सूप दिलं, त्याच्या बायकोनं मात्र वाडगे जरा जोरात ठेवले. ते आमच्या वाट्याला यायलाच हवं होतं.

रुफिनो आला नाही. तो घर सोडून वरच्या खिंडीतल्या रखवालदाराच्या खोलीत राहायला गेला. लोक त्याला चिडवायचे, "काय रे, आज कुणाचं पिल्लू पकडलंस?" मावशीसमोर कुणी म्हटलं तर ती थांबवायची. "एकट्यानं चार डोंगर कोण फिरतं? तू? तुझ्या पायाला अंगणाच्या बाहेरची माती माहीत नाही." पण मुलाकडे ती गेली नाही.

"जाऊन ये ना," मी एकदा म्हटलं.

"माझं काय चुकलं ते सांग, जाते."

"चुकली नाहीस. पण सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच त्यानं आरोप केला होता ना? हिलारिओनला एकांतात सोडवून उपयोग काय?" तिनं हातातली टोचणी खाली ठेवली. "रात्री घास गिळवत नाही, लिआंद्रो. ते वेगळं. त्यानं हाड काही बदलत नाही."

अन्सेल्मो मात्र दर रविवारी खिंडीत जायचा. एक टोपी नेऊन द्यायचा. त्या वर्षी रुफिनोकडे टोप्यांचा ढीग झाला असणार.

कातरणी झाली, लोकर गेली, पेरणी झाली. मार्चमध्ये पश्चिमेच्या हद्दीवर, जिथं रस्ता सीमेकडे जातो, तिथं रुफिनोला दगडाखाली हाडं सापडली. या वेळी त्यानं रेडिओ लावला नाही. दिवसभर तिथं बसून त्यानं डावे जबडे मोजले. बावीस. टोकं खेचून बघितली, एकही निघालं नाही. पुढचे दात बघितले. मग नडग्या एकेक करून उन्हात फिरवल्या. प्रत्येकीवर गोल रेघ होती. मग त्यानं कचेरीला कळवलं आणि काय काय बघितलं ते सांगितलं. रस्त्यावर पहारा बसला. आठवड्याभरात एक ट्रक पकडला गेला, बटाट्यांच्या पोत्यांखाली कातडी घेऊन चाललेला.

हे मला कळायच्या आधी तो घरी गेला होता. अन्सेल्मोनंच मला सांगितलं, आणि अन्सेल्मो सांगतो म्हणजे ती मोठीच गोष्ट. मावशी चुलीशी होती. रुफिनो आत आला, त्यानं एक नडगी तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं अंगठ्याच्या नखानं रेघ चाचपली. एकदा, दोनदा.

"विकुन्या. मोठी मादी. सोललेली."

"ते मला कळलंय, आई. एवढ्यासाठी नाही आणली."

"मग कशासाठी?"

"ही रेघ दोन ठिकाणी तुटते. बाकीच्या अर्ध्या हाडांवरही तशीच तुटते. अर्ध्यांवर सलग आहे. का ते कळत नाही."

मावशीनं हाड दाराशी, उजेडात नेलं. बराच वेळ बघितलं. मग हसली, अन्सेल्मो म्हणतो, किती महिन्यांनी.

"दोन सुऱ्या. एकीच्या धारेला खाच पडलेली. ट्रकमध्ये सुरी सापडली का?"

"दोन सापडल्यात. कचेरीत आहेत."

"मग जा आणि धार बघून ये. आधी जेव."

खाच निघाली. डॉक्टर नोएमीनं ती कागदावर नोंदवली, आणि त्याच कागदासोबत मावशीला चिठ्ठी पाठवली. जिल्ह्यातल्या सगळ्या रखवालदारांना तिनं दोन दिवस हाडं शिकवावीत, अशी. मावशीनं चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"बसायला काय देणार तिथं? खुर्ची?"

"खुर्ची असेलच."

"खुर्चीवर बसून हाड दिसत नाही. चादर नेऊ."

गेल्या जूनमध्ये ती गेली. तीस रखवालदार जमिनीवर बसले होते, हिरव्या जॅकेटांतले, काही तिचे नातू शोभतील अशा वयाचे. हाडांचं पोतं रुफिनोनं उचललं होतं. प्रत्येक हाडाशी ती हात थांबवायची आणि विचारायची. बरोबर सांगणाऱ्याला काय द्यायचं, म्हणून तिनं घरून भाजलेल्या मक्याची पिशवी नेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिशवी रिकामी झाली, आणि उरलेले तीन प्रश्न तिनं फुकटात विचारले.